वर्गातल्या पेटीतली पुस्तकं

1962 साली अमेरिकेत एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’ हे चित्रपुस्तक आलं. पीटर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा लाल स्नोसूट घालून बर्फात मनसोक्त हुंदडतो, एवढीच गोष्ट. त्याच्या वर्णाबद्दल मजकुरात अवाक्षर नाही. पुढच्याच वर्षी पुस्तकाला चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डेकॉट पदक मिळालं. तरी अशी पुस्तकं विरळाच होती: शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी 1965मध्ये पाच हजारांहून अधिक बालपुस्तकांची पाहणी मांडली, तेव्हा कृष्णवर्णीय माणसं दिसली ती जेमतेम 6.7 टक्के पुस्तकांत!

शिक्षकांनी वर्गासाठी असं पुस्तक निवडताना एवढंच बघावं: वेगळ्या समाजातलं मूल तिथे खेळतं, रुसतं, खोड्या करतं, की नुसतं सणाच्या पोशाखात उभं असतं? चेहरे, घरं ठोकळेबाज वाटली तर पुस्तक खुशाल बाजूला ठेवा. लेखक त्याच समाजातला हवा, असा हट्ट नको; कीट्स स्वतः पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबातले. पण लेखकानं ती माणसं जवळून पाहिलेली हवीत.

आणि वाचन झाल्यावर त्या समाजातल्या विद्यार्थ्याला ‘तुमच्याकडे असंच असतं का रे?’ असं सगळ्यांसमोर विचारू नका. त्याला आपणहून बोलू द्या. अशी पुस्तकं एखाद्या विशेष दिनापुरती कपाटातून काढू नका, रोजच्या वाचनपेटीतच ठेवा.