किरणोत्सर्गाचा नकाशा आणि सामान्य माणूस
(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले भाषण)



मी भूगोलाचा शिक्षक, पदार्थविज्ञानाचा नव्हे. तरीही हा विषय मी घेतला, कारण तो निम्मा नकाशाचा आहे आणि निम्मा विश्वासाचा.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९ क्षमतेचा भूकंप झाला, समुद्र आत घुसला आणि फुकुशिमा दाइइची येथील अणुभट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली. सरकारने नकाशावर वर्तुळे काढली. प्रथम ३ किलोमीटरचे, मग १० चे, मग २० चे. कंपासपेटीतील कर्कटकाने काढावीत तशी. पण वाऱ्याला वर्तुळ कळत नाही. किरणोत्सर्गी धूळ वायव्येकडे गेली आणि पावसा-बर्फाबरोबर जमिनीवर बसली. इइताते हे गाव वीस किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर, तरी तेथे प्रमाण एवढे चढले की एप्रिलमध्ये तेही रिकामे करण्याचा निर्णय घ्यावा लागला. नामिए गावचे लोक तर त्सुशिमा नावाच्या भागात आश्रयाला गेले, आणि धूळ नेमकी त्याच बाजूला चालली होती. धूळ कोठे जाईल याचे संगणकी अंदाज सरकारी यंत्रणेकडे होते. जनतेपर्यंत ते पोहोचले उशिरा.

आता शाळेची गोष्ट ऐका. १९ एप्रिल २०११ रोजी जपानच्या शिक्षण खात्याने ठरविले की शाळेच्या मैदानावर ताशी ३.८ मायक्रोसिव्हर्टपर्यंत चालेल. हा आकडा आला कोठून? मूल आठ तास बाहेर, सोळा तास लाकडी घरात. घरात बाहेरच्या चार दशांश मात्रा. वर्षाचा गुणाकार करा, सुमारे २० मिलिसिव्हर्ट येतात. आठवीचा विद्यार्थी हे गणित सोडवू शकेल. आणि जगातील माणसाला निसर्गाकडून वर्षाकाठी सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, हे शेजारी लिहिले की आई-बाप का खवळले तेही समजते. मे महिन्यात खात्याला १ मिलिसिव्हर्टचे उद्दिष्ट जाहीर करावे लागले.

पण आपल्या मुलाच्या मैदानावर किती आहे, हे पालकाला कसे कळणार? बाजारात गायगर यंत्रे मिळेनाशी झाली होती. तेव्हा काही मंडळींनी ‘सेफकास्ट’ नावाची स्वयंसेवी चळवळ उभी केली. त्यांनी जेवणाच्या डब्याएवढे यंत्र बनविले. जपानीत त्या डब्याला ‘बेंतो’ म्हणतात, म्हणून यंत्राचे नाव ‘बी-गायगी’. आत वायू भरलेली नळी असते. किरण आत शिरला की विजेचा एक ठोका पडतो. ठोके मोजायचे, उपग्रहाकडून स्थान घ्यायचे आणि दर पाच सेकंदांनी दोन्हींची नोंद कार्डावर करायची. यंत्र मोटारीच्या खिडकीला लावून माणसे गावोगाव फिरली. आज त्यांच्याकडे दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत. कोणीही त्या फुकट घ्याव्यात, तपासाव्यात. यंत्राची रचना खुली, संगणकाची आज्ञावलीही खुली.

यात नवे काय, असे कोणी विचारील. बाराव्या शतकात अल-इद्रिसीने सिसिलीत राजा रॉजरसाठी प्रवाशांना विचारून, त्यांची सांगणी एकमेकांशी पडताळून जगाचा नकाशा केला, तो ११५४ साली पुरा झाला. (त्यात दक्षिण वर आहे, मुलांना दाखवावा, डोके उलटे करून पाहतात!) रीत तीच, फक्त आता प्रवाशाच्या खिशात यंत्र आहे.

मात्र एक सांगतो. अशा यंत्राने अन्नात किंवा पाण्यात काय आहे ते कळत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते. आणि नकाशा रंगविणाऱ्याची नियत महत्त्वाची. तांबडा रंग कोणत्या आकड्यापासून सुरू करायचा, हे ठरविणारा माणूस त्याच नोंदींतून गाव घाबरवू शकतो किंवा झोपवू शकतो. म्हणून मूळ नोंदी खुल्या हव्यात. मापात मारणाऱ्यांना कुरआन शरीफने किती कडक ताकीद दिली आहे, हे आपणांस मी सांगायला नको.

आपल्या कोकणाचाही याच्याशी संबंध आहे. जैतापूरच्या प्रकल्पावरून १८ एप्रिल २०११ रोजी आंदोलकांवर गोळीबार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. प्रकल्प अद्याप उभा राहिलेला नाही. तो व्हावा की न व्हावा, हा आजचा विषय नाही. पण उद्या भट्टी आली आणि कोणी म्हणाले, “प्रमाण वाढले”, तर आम्ही विचारणार, कशापेक्षा? आधीची नोंद गावाच्या हातात नसेल तर एकीकडे अफवा आणि दुसरीकडे सरकारी पत्रक, एवढेच उरते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे देशभर मापन-जाळे आहे, ते असावेच. त्याच्या शेजारी शाळेची वहीही असावी.

माझी सूचना लहानशी आहे. संस्थेने एक यंत्र घ्यावे. आठवी-नववीच्या मुलामुलींनी, मुलींनी विशेषच, प्रथम मैदान मोजावे, मग आसपासचा जांभा, मग घाटावरचा काळा दगड, मग एखाद्या घरातील ग्रॅनाइटचा ओटा. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम काळ्या दगडापेक्षा अधिक असते, तेव्हा तेथे आकडा थोडा चढलेला दिसेल, आणि घरची मंडळी दचकतील. त्यांना समजावून सांगण्याचे काम त्या मुलींवरच सोपवावे. नोंदवही ग्रंथालयात ठेवावी, कोणालाही पाहता येईल अशी. खर्चाचा अंदाज मी चिटणीससाहेबांकडे लेखी दिला आहे.