गुडघेदुखी आणि चालणे



फळ्यापुढे उभे राहण्यात माझी हयात गेली. पन्नाशीत गुडघे धरले. विश्रांतीने बरे वाटेल, या समजुतीने मी वर्षभर वर्गातही खुर्ची सोडली नाही. परिणामी मांड्या रोडावल्या व जिना चढणे दुष्कर झाले. सांध्यातील कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील वंगणरसातून, हालचालीच्या योगेच होते, हे मला उशिरा उमगले. मग खुर्चीत बसून एकेक पाय सरळ उचलून धरू लागलो, सपाट वाटेवर थोडे थोडे चालू लागलो. वजन १ किलो उतरले, तर दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो. सांधा सुजून तापला असता मात्र डॉक्टरांस दाखवावे.

दुखणे सर्वस्वी गेले नाही. परंतु आज या सभागृहाचा जिना मी कोणाच्या आधारावाचून चढून आलो आहे.