संगणकावरील चित्रकला आणि बालविभागाचे कर्तव्य

(शतकमहोत्सवानिमित्त वडोदरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शतकमहोत्सवाच्या प्रसंगी ग्रंथालयात ग्रंथांविषयी बोलले जावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. आजचा विषय मात्र वरवर पाहता ग्रंथांपासून दूरचा वाटेल. संगणकावर चित्रे काढण्याची एखादी साधी आज्ञावली लहान मुलांना कशी शिकवावी, आणि ते काम वाचनालयाच्या बालविभागाने का अंगावर घ्यावे, असा हा विषय आहे. वाचायला मुले मिळेनाशी झाली असताना त्यांच्यापुढे आणखी एक पडदा कशासाठी ठेवायचा, ही शंका सभासदांच्या मनात येणे रास्तच आहे. तिचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

ह्या नगरीपुरते बोलायचे, तर उत्तराचा एक भाग इतिहासातच सापडतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची योजना त्यांच्याकडे सोपविली. त्या योजनेत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या होत्या, मुलांसाठी वेगळे दालन होते, आणि चित्रांच्या व चलच्चित्रांच्या साहाय्याने लोकशिक्षण करणारी एक स्वतंत्र शाखाही होती. चलच्चित्रांचे यंत्र त्या काळी नवे होते, आणि ग्रंथालयाने ते निषिद्ध मानले नाही. यंत्र नवे की जुने, हा प्रश्न तेव्हाही गौण होता. त्याच्यासमोर बसलेला माणूस काय शिकून उठतो, एवढेच पाहिले गेले. आजही तीच कसोटी लावावी.

चित्रे काढण्याच्या आज्ञावलीची वंशावळ फार लांबची नाही. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशिक्षणसंस्थेत इव्हान सदरलँड यांनी 'स्केचपॅड' तयार केले. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढता येते, हे त्याने सिद्ध झाले. १९८४ मध्ये बिल ॲटकिन्सन यांचे 'मॅकपेंट' आले आणि पेन्सिल, कुंचला, खोडरबर व रंग ओतण्याची बादली ही चिन्हे घरगुती संगणकावर दिसू लागली. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, विंडोजच्या पहिल्या आवृत्तीबरोबर 'पेंट' आले. २०१७ साली ते मोडीत निघणार अशी बातमी पसरली, तेव्हा जगभर लोकांनी अशी हळहळ व्यक्त केली की कंपनीला ते चालू ठेवावे लागले.

शिक्षकाच्या दृष्टीने मात्र ह्या वंशावळीतील सर्वांत बोलकी कथा क्रेग हिकमन यांची आहे. आपला तीन वर्षांचा मुलगा मॅकपेंटवर चित्र काढताना मध्येच अडतो, नको त्या याद्या उघडतो आणि गोंधळतो, हे त्यांनी पाहिले, आणि त्याच्यासाठी 'किड पिक्स' लिहिले. १९८९ मध्ये त्यांनी ते विनामूल्य वाटले आणि १९९१ पासून ते बाजारात विकले जाऊ लागले. आज त्याच परंपरेतील 'टक्स पेंट' ही बिल केंड्रिक यांनी २००२ साली सुरू केलेली आज्ञावली कोणालाही विनामूल्य मिळते, जुन्या संगणकावर चालते, आणि तिच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. मूल अडते कोठे, हे आधी पाहावे आणि शिकविण्याची रीत मग ठरवावी, हा ह्या कथेचा बोध आहे.

दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी ह्याच्या नेमके उलट घडते. मुलांना चिन्हांची नावे पाठ करायला लावतात, कोणत्या चिन्हाने काय होते हे वहीत लिहून घेतात, आणि प्रात्यक्षिक म्हणून दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी व एक झोपडी असे ठरलेले चित्र काढून घेतात. तासाअखेर पडद्यावर वीस झोपड्या दिसतात, परंतु त्यांतली एकही कोणी पाहिलेली नसते. मुलाच्या हाती नवे साधन आले आणि त्याची दृष्टी मात्र होती तेथेच राहिली, असा हा प्रकार आहे.

चिन्हांची माहिती देण्यासाठी शिक्षकाची फारशी गरजही नसते. १९९९ साली दिल्लीतील कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी झोपडपट्टीलगतच्या भिंतीत एक संगणक बसविला. कोणीही न शिकविता तेथील मुले काही काळातच तो हाताळू लागली आणि त्यावर चित्रेही काढू लागली. तेव्हा बटणे मुले आपली आपण शोधतात. काय पाहावे आणि पाहिलेले कसे पारखावे, हे सांगायला मात्र जवळ जाणते माणूस लागते. बालविभागातील ताईंचे खरे काम येथून सुरू होते. तीन साध्या पाठांवरून हे स्पष्ट होईल.

पहिला पाठ रंगाच्या बादलीचा. मूल एक आंबा काढते, आत पिवळा रंग ओतते आणि क्षणात सगळा पडदा पिवळा होतो. मूल दचकते, यंत्र बिघडले, असे त्याला वाटते. अशा वेळी ताईंनी चूक दुरुस्त करून देऊ नये. चित्र मोठे करून पाहायला सांगावे. मोठे होताच रेघेचे बारीक चौकोनी ठिपके दिसू लागतात, आणि आंब्याच्या देठापाशी एक ठिपका सुटलेला आढळतो. ओतलेला रंग शेजारच्या तशाच ठिपक्यांवर पसरत जातो, आणि दुसऱ्या रंगाची कड लागली म्हणजे थांबतो. कड एका ठिपक्यापुरती जरी उघडी असली, तरी तो तेथून बाहेर पडतो. बंद आकृती म्हणजे काय, हे भूमितीच्या पुस्तकाआधी मुलाला असे कळते. आणखी एक गोष्ट कळते, ती अधिक मोलाची: यंत्र लहरीने वागले नाही, त्याच्या वागण्याला कारण होते, आणि ते कारण आपल्याला शोधता आले.

दुसरा पाठ रांगोळीचा. पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते, हे ऐकून शहरी शिक्षकाला नवल वाटेल, पण ज्या घरात आजीने ठिपक्यांची रांगोळी काढली किंवा जाळीच्या कापडावर टाके मोजून कशिदा भरला, त्या घरातील मुलाला ते ओळखीचे आहे. मुलाने रांगोळीचा फक्त एक पाव भाग काढावा. त्याची प्रत करून ती आडवी उलटवावी आणि शेजारी ठेवावी, म्हणजे अर्धी रांगोळी होते. त्या अर्ध्या भागाची प्रत उभी उलटवून खाली ठेवली, की ती पूर्ण होते. प्रत ठेवताना तिची पांढरी पार्श्वभूमी जुन्या रेघा झाकते, तेव्हा पारदर्शक निवड का करावी हेही ओघाने समजते. चार भाग जुळतात तेव्हा मुलाच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद समतोलाच्या व्याख्येने कधीच उमटला नसता. मात्र हा पाठ संपला, की त्याच मुलाला खडूने जमिनीवर ती रांगोळी काढायला लावावी. हाताला वळण कागदावर आणि जमिनीवरच लागते. माऊस मेजावर फिरतो आणि रेघ पडद्यावर उमटते, त्यामुळे लहान हाताला रेघेची खरी ओळख तेथे होत नाही. संगणक कागदाच्या जोडीला हवा, कागदाच्या जागी नको.

तिसरा पाठ वडाचा. ज्या झाडावरून ह्या नगरीला नाव मिळाले, ते झाड मुलांनी आधी जाऊन पाहावे, कागदावर त्याचे टिपण करावे आणि मग संगणकावर काढावे. बहुतेक मुले एक पारंबी काढतील आणि तिच्याच वीस प्रती ओळीने लावतील, कारण यंत्राने ती सोय दिलेली आहे. ताईंनी तेव्हा एवढेच विचारावे, "झाडावरच्या सगळ्या पारंब्या अशाच सारख्या होत्या का?" मुले पुन्हा टिपणाकडे वळतील, कदाचित पुन्हा झाडाकडेही जातील. कोणती पारंबी जमिनीत शिरून खोडासारखी जाड झाली आहे, कोणती अधांतरी लोंबते आहे, कोणती दुसरीत गुंतली आहे, हे त्यांना दिसू लागेल. यंत्राला एकसारखेपणा सोपा असतो. सृष्टीत दोन पारंब्या सारख्या नसतात. हा भेद ज्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी टिपला, त्याने चित्रकलेचा पहिला धडा घेतला आणि वाचनाचाही. कवीने वर्णिलेला वड ते मूल आता पूर्वीपेक्षा अधिक नीट वाचील.

ह्या साऱ्याच्या मुळाशी चुकीविषयीची एक वेगळी वृत्ती आहे. कागदावर खोडलेल्या जागी डाग राहतो. संगणकावर केलेले मागे घेता येते. 'पेंट'च्या जुन्या आवृत्तीत अशी तीनच पावले मागे जाता येत असे, विंडोज ७ च्या आवृत्तीत ती ५० झाली. तीन पावलांची मर्यादा असताना मुलाला थोडा विचार करूनच रेघ ओढावी लागे. पन्नास पावलांनी निर्भयता आली, पण उतावळेपणाही आला. म्हणून मधूनमधून चित्राची प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवायला शिकवावे. महिनाभरानंतर आपलीच पाच चित्रे ओळीने पाहिली, म्हणजे आपण कोठून कोठवर आलो हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही.

आता भाषेविषयी. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील मुलांची शाळा इंग्रजी किंवा गुजराती असते. घरातही 'जेवायला ये', 'अभ्यास कर' एवढ्यापुरतीच मराठी उरते, ही खंत ह्या सभागृहातील अनेक आजी-आजोबांना असेल. व्याकरणाचे वर्ग काढून ती भाषा परत येत नाही. जेथे बोलल्यावाचून काम अडते, तेथे ती येते. म्हणून एका संगणकापुढे दोन मुले बसवावीत. एकाने माऊस धरावा आणि दुसऱ्याने टिपण पाहून केवळ शब्दांनी चित्र सांगावे. "उभी रेघ घे. आता जरा तिरकी कर. अगं, इतकी नको! कडेपर्यंत ने, कोपऱ्याच्या अलीकडे थांब." आडवी, उभी, तिरकी, वाकडी, निमुळती, फुगीर, ठसठशीत, फिकट, गडद, करडा, शेंदरी, मोरपंखी हे शब्द तेव्हा कोशात न राहता कामाला येतात. सांगणारा चुकला तर रेघ चुकते, आणि योग्य शब्द सापडेपर्यंत ती सुधारत नाही. मग मुलांनी जागा बदलाव्यात. संगणकाला आज्ञा देताना विचार नेमका होतो, हे सीमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ पासून 'लोगो' ह्या मुलांसाठी बनविलेल्या संगणकभाषेतून दाखविले. येथे आज्ञा एका मुलाने दुसऱ्याला द्यायची आहे, आणि ती मराठीत.

एक नवी शंका अलीकडे ऐकू येते. चार शब्द लिहिले की संगणक आता स्वतःच चित्र तयार करून देतो. २०२३ पासून 'पेंट'मध्येही तशी सोय आली. मग मुलाने धडपडून वेडावाकडा वड का काढावा? बाजारात भाकरी विकत मिळते म्हणून मुलांना भातुकली कोणी नाकारीत नाही. मागवून घेतलेल्या चित्रात वड असतो, पण तो मुलाने पाहिलेला नसतो. ते चित्र कितीही सुबक असले, तरी त्यातील पारंब्या बरोबर आहेत की नाहीत हे ज्याला पारखता येईल, असा डोळा आधी घडावा लागतो. तो डोळा घडविण्याचे वय सहा ते बारा हे आहे, आणि ते एकदा निघून गेले की वर्गणी वाढवून परत आणता येत नाही.

वाचनालयाला ह्यासाठी मोठा निधी नको. देणगीत मिळालेले दोन जुने संगणक, विनामूल्य आज्ञावली, कागद, खडू आणि आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. त्या संगणकांना आंतरजालाची जोडणी देऊ नये, आणि एका मुलाला अर्ध्या तासाहून अधिक पडद्यापुढे बसवू नये. गोष्टीचे पुस्तक आधी वाचावे, चित्र मग काढावे. झालेल्या चित्रांखाली मुलांनी आपापले शीर्षक देवनागरीत टंकित करावे, आणि वर्षाअखेरीस त्यांचा एक अंक बांधावा. हस्तलिखितांची परंपरा मराठी वाचनालयांत जुनी आहे; कपाटात जपलेल्या त्या अंकांच्या शेजारी हा नवा अंक संकोच न बाळगता बसेल. तो कपाटात ठेवण्यापूर्वी एकदा सभासदांनी चाळावा, आणि एखाद्या पानावर थांबून ते चित्र काढणाऱ्या मुलाला विचारावे की हे झाड तू कोठे पाहिलेस. मूल उत्तर देऊ लागेल. ते मराठीत असेल आणि बरेच लांब असेल; सभासदांनी ते पुरते ऐकून घ्यावे, एवढीच विनंती आहे.