आजारी तबकडी

पुण्याच्या एका पेठेंत राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनीं आपल्या मातुःश्रींच्या तोंडच्या जात्यावरील ओव्या, मातुःश्री हयात असतांनाच, ध्वनिमुद्रित करून ठेविल्या होत्या. मातुःश्री निवर्तल्या, जातें माळ्यावर गेलें. पण ओव्या घरांतील कॉम्प्यूटरच्या हार्ड डिस्कवर आहेत, या समाधानांत सात-आठ वर्षें निघून गेलीं. मग एके दिवशीं यंत्र सुरू होण्यास नेहमींपेक्षां अधिक वेळ लागूं लागला. ओव्यांचें फोल्डर उघडावें, तों पडद्यावरील चक्र फिरतच राहावें, असें होऊं लागलें. आणि चौथ्या-पांचव्या दिवशीं पेटीच्या आंतून टक्, टक्, टक् असा, घड्याळाहून जरा सावकाश, नियमित आवाज ऐकूं येऊं लागला.

गृहस्थांनीं जें केलें तें बहुतेक सर्वच करतात. त्यांनीं यंत्र बंद करून पुन्हां चालू केलें. एकदां नव्हे, त्या एका सकाळींच दहा-बारा वेळां. जुन्या रेडिओला मारावी तशी पेटीला एक थाप मारून पाहिली. पडद्यावर, डिस्कमध्यें दोष आहेत, ते दुरुस्त करावयाचे काय, अशा अर्थाचा प्रश्न उमटला, तेव्हां त्यांनीं आनंदानें होकार दिला व दुरुस्ती चालूं ठेवून ते निजले. सकाळीं पाहतात तों ती डिस्क अस्तित्वांत आहे याचीच यंत्राला ओळख उरली नव्हती.

या तिन्ही उपायांचा हेतु एकच होता, आणि तोच चुकीचा होता. डिस्क बरी व्हावी एवढेंच त्यांच्या मनांत होतें. वास्तविक ती वस्तु बाजारांत कांहीं हजार रुपयांस नवी मिळते. तिला वांचविण्याचें कांहींच कारण नव्हतें. वांचवावयाचें होतें तें तिच्यावर लिहिलेलें, आणि त्यासाठीं तिच्यांत उरलेली थोडीशी शक्ति काटकसरीनें खर्चावयास हवी होती.

पेटीच्या आंत काय असतें हें ठाऊक असल्याखेरीज ही गोष्ट मनाला पटत नाहीं. ज्यांनीं ग्रामोफोन पाहिला आहे त्यांस ती रचना समजण्यास अडचण पडूं नये. आंत कांचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या एक वा अनेक गुळगुळीत तबकड्या एका आंसावर बसविलेल्या असतात व त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ थर असतो. सामान्य घरगुती यंत्रांत या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ग्रामोफोनप्रमाणें येथेंही एक दांडी तबकडीवर आंतबाहेर फिरते, आणि तिच्या टोंकाशीं वाचणारें व लिहिणारें हेड असतें. फरक एकच, पण तो सर्वांत मोठा: ग्रामोफोनची सुई तबकडीला टेंकलेली असावी लागते, तर हें हेड चालत्या तबकडीला केव्हांही टेंकतां कामा नये. फिरण्यामुळें निर्माण झालेल्या हवेच्या पातळ थरावर तें तरंगत असतें, आणि दोहोंमधील अंतर अवघ्या कांहीं नॅनोमीटरांचें असतें. माणसाच्या केंसाची जाडी सुमारें ऐंशीं हजार नॅनोमीटर धरली, तर त्या फटींत केंस राहूं द्या, धुराचा कणही मावणार नाहीं. आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं पहिली हार्ड डिस्क पुढें आणली, तेव्हां तिच्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, तिचें वजन एक टनाहून अधिक होतें, आणि तिच्यांत ५० लक्ष अक्षरें मावत. आज तळहाताएवढ्या एक टेराबाइटच्या डिस्कवर त्याच्या दोन लक्ष पट मजकूर बसतो. अक्षरें जशीं बारीक होत गेलीं तशी ही फटही अरुंद करावी लागली.

आतां तो टक् टक् आवाज. तबकडीवर ठरावीक अंतरानें मार्गदर्शक खुणा कारखान्यांतच उमटविलेल्या असतात. हेडला त्या सांपडल्या नाहींत म्हणजे दांडी मागें फिरून मूळ जागीं येते व पुन्हां शोध घेते. या निष्फळ येरझाऱ्यांचा तो आवाज असतो. कदाचित् हेड दुबळें झालेलें असेल; कदाचित् त्यानें तबकडीला स्पर्श करून वरचा थर खरवडला असेल. हें दुसरें घडलें असल्यास प्रत्येक फेऱ्यागणिक जखम वाढत जाते. मिनिटाला ७,२०० या हिशेबानें आठ तासांच्या झोपेंत ३४,५६,००० फेरे होतात! शिवाय दुरुस्तीचा प्रोग्रॅम नुसता वाचीत नाहीं, लिहितोही. डिस्कवरील सूचीपत्र सुसंगत करणें एवढेंच त्याचें काम. ज्या नोंदीचा मेळ बसत नाहीं ती तो खुशाल कापून टाकतो. निरोगी डिस्कवर हा चांगला नोकर आहे. मरणोन्मुख डिस्कवर तो, ग्रंथालयाला आग लागली असतां कपाटें आवरावयास बसलेल्या कारकुनासारखा आहे.

यंत्र मंदावलें, पण आवाज नाहीं, अशी स्थिति कांहीं दिवस लाभते, आणि तेवढे दिवस मोलाचे असतात. हल्लींच्या डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवितात. तिला स्मार्ट असें नांव आहे. खराब झालेल्या जागांबद्दल राखीव जागा किती वापराव्या लागल्या, किती जागा वाचतांच येईनात, हे आंकडे क्रिस्टलडिस्कइन्फो यासारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनें कोणासही पाहतां येतात. ते शून्यावरून हालले कीं नक्कल करावयास बसावें. गूगल कंपनीच्या तिघा संशोधकांनीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ सालीं तो प्रसिद्ध केला. तपासणींत पहिला दोष सांपडल्यावर पुढील ६० दिवसांत ती डिस्क निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो, असें त्यांस आढळलें. परंतु त्याच अभ्यासांत, निकामी झालेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांनीं चार प्रमुख लक्षणांपैकीं एकही अगोदर दाखविलें नव्हतें, असेंही दिसून आलें. तेव्हां आंकडे स्वच्छ आहेत म्हणून निर्धास्त राहणें हा शुद्ध भोळेपणा होय.

नक्कल करतांना क्रमाला महत्त्व आहे. सिनेमे, गाणीं, प्रोग्रॅम यांकडे ढुंकूनही पाहूं नये. तें सर्व पुन्हां मिळतें. ओव्या, घरचीं छायाचित्रें, हिशेब, हस्तलिखितें, ज्यांना दुसरी प्रत नाहीं तीं प्रथम उचलावींत. नक्कल अडखळूं लागली तर हट्ट न धरतां डिस्क बंद करून जाणत्याच्या हातीं द्यावी. जाणता मनुष्य पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करतो, म्हणजे आजारी डिस्कवर यंत्र आपण होऊन कांहीं लिहीत बसत नाहीं. आणि डीडीरेस्क्यू नांवाच्या प्रोग्रॅमनें तिची अखंड प्रतिमा निरोगी डिस्कवर उतरवून घेतो. हा प्रोग्रॅम मोठा समंजस आहे. वाचतां न येणाऱ्या जागेशीं तो झुंजत राहत नाहीं. ती ओलांडून सुखासुखीं मिळेल तेवढें आधीं पदरांत पाडतो, काय राहिलें याचा नकाशा ठेवितो, आणि शेवटीं अवघड जागांकडे परततो. प्रश्नपत्रिका सोडवितांना हुशार विद्यार्थी याहून निराळें काय करतो? दुरुस्तीचे प्रयोग करावयाचे तर ते या प्रतिमेच्या प्रतीवर करावे.

टक् टक् सुरू झाल्यावर मात्र हेंही नको. तेव्हां वीज तोडावी. कित्येक जण डिस्क शीतपेटींत ठेवावयास सांगतात. बाहेर काढतांच तबकडीवर दंव धरतें. कित्येक जण झांकण उघडून पाहतात. घरांतील धुळीचा एक कण पुरे होतो. असलें काम धूळविरहित दालनांत, तशाच दुसऱ्या डिस्कचें हेड बसवून करतात, आणि त्यास पुष्कळ पैसे पडतात.

अशा ठिकाणीं काय साधूं शकतें याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजीं कोलंबिया हें अंतराळयान परततांना टेक्ससच्या आकाशांत भंगलें, आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यु पावले. पुढें अवशेषांत झीनॉन वायूवरील एका प्रयोगाची जळून काळवंडलेली डिस्क सांपडली. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तज्ज्ञांनीं ती उघडली. धूळ शिरून तबकड्यांवर खड्डे पडले होते. पण सुदैवानें त्या भागावर कांहीं लिहिलेलेंच नव्हतें. तबकड्या धुऊन नव्या पेटींत बसविल्यावर ९९ टक्के मजकूर हातीं आला, आणि प्रयोगाचे निष्कर्ष २००८ सालीं छापले गेले. त्याच यानांतील दुसऱ्या दोन डिस्कांतून मात्र कांहींच निघालें नाहीं. ती पहिली डिस्क इतकी जळालेली होती कीं चालू करून पाहण्याचा मोह कोणासही होण्यासारखा नव्हता. हेंही तिच्या पथ्यावर पडलें असेल.

नव्या लॅपटॉपांत तबकडीऐवजीं एसएसडी असते. तिच्यांत फिरणारें कांहीं नाहीं, म्हणून ती धक्क्याला कमी भिते; पण त्याच कारणानें ती टक् टक् करून कोणास सावधही करीत नाहीं. सायंकाळीं चाललेली एसएसडी सकाळीं मुकी झालेली असूं शकते.

पुण्याच्या गृहस्थांची डिस्क त्यांच्या मुलीनें मुंबईच्या एका प्रयोगशाळेंत नेऊन दिली. नव्या कॉम्प्यूटरच्या किंमतीएवढें बिल झालें. निम्म्याहून थोड्या अधिक ओव्या परत आल्या. कांहीं मध्येंच तुटतात, आणि जात्याची घरघर तेवढी ऐकूं येते. गेलेल्यांपैकीं दोन नाशिकला सांपडल्या. एका भाऊबीजेस त्यांनीं बहिणीला कांहीं ओव्या पेनड्राइव्हवर घालून दिल्या होत्या, व घरीं कॉम्प्यूटर नसल्यानें तिनें तो कुंकवाच्या करंड्याशेजारीं तसाच जपून ठेविला होता. आतां एक प्रत पुण्यास वेगळ्या डिस्कवर आहे, एक नाशिकला, आणि एक मुलीनें इंटरनेटवर ठेविली आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारीं गृहस्थ प्रत्येक प्रतींतून एक एक ओवी लावून पाहतात. नाशिकच्या प्रतींतील ओवी बहीण टेलिफोनवरून ऐकविते.