पटकी हा देवीचा कोप नव्हे
(गांवच्या सभेत केलेले भाषण)



पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेपलीकडे लोटावयाचा, ही आपली जुनी चाल. त्यांत कोंबडे जाई, पैसा जाई. रोग मात्र जेथल्या तेथे! कारण पटकीचे मूळ कोपात नाही, पाण्यात आहे. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टराने १८८४ साली कलकत्त्यास तिचा वांकडा जंतु रोग्यांच्या आंतड्यांत व तळ्याच्या पाण्यातही दाखविला. जुलाबातून तो विहिरीत उतरतो, घागरीतून आपल्या पोटी येतो. त्याच्या विषाने अंगातले पाणी व क्षार वाहून जातात, आणि धडधाकट माणूस कांही तासांत दगावतो.

म्हणून जुलाब होणाऱ्याचे पाणी तोडू नका. १९७१ साली बनगांवच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोजचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण शेंकडा सुमारे ३० वरून ४ च्या आंत आणले. घरी एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घाला. घोट घोट पाजीत दवाखाना गांठा.

नवस फेडावयाचाच, तर विहिरीला कठडा बांधून फेडा!