जिन्यातला दिवा आणि हातचा एक



जिन्यातल्या दिव्याला दोन बटणं असतात, एक खाली, एक वर. खाली दिवा लावायचा, वर पोचलं की विझवायचा. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या तासाला मी मुलांना एवढंच विचारतो, की यातलं खालचं बटण ‘चालू’ कधी म्हणायचं? मुलं थबकतात. कारण या बटणाला चालू आणि बंद असं काही नसतंच. त्याच्या दोन अवस्था असतात, आणि दिवा लागणार की नाही हे दुसरं बटण कुठल्या अवस्थेत आहे त्यावर ठरतं. दोन बटणांची अवस्था वेगळी, तर दिवा लागलेला. सारखी, तर विझलेला.

मी स्वतः हा विषय घोकून शिकलो. सत्यता सारण्या पाठ केल्या, नियम पाठ केले, मार्कही चांगले पडले. पण एक अधिक एक बरोबर एक, हे फळ्यावर पाहताना पोटात जो गोळा यायचा तो बरीच वर्षं गेला नाही. म्हणून आज या विषयाची ओळख मला वायर आणि बटणाच्या बाजूनं करून द्यायची आहे.

या विषयाच्या मुळाशी असलेलं बीजगणित जॉर्ज बूल यांच्या नावानं ओळखलं जातं. त्यांचा जन्म 1815 साली इंग्लंडमधल्या लिंकन गावी झाला. वडील बूट शिवायचे. बूल यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, गणित ते स्वतःच शिकले, आणि 1849 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क इथे प्राध्यापक झाले. विजेचं सर्किट त्यांच्या मनातही नव्हतं. माणूस विचार कसा करतो, हे त्यांना चिन्हांत मांडायचं होतं. सगळ्या वस्तूंमधून पांढऱ्या वस्तू निवडा. त्यांतून पुन्हा पांढऱ्या निवडा. हाती त्याच राहतात. म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. नेहमीच्या आकड्यांत हे कुणाला लागू पडतं? फक्त शून्याला आणि एकाला. माझ्या मते या सगळ्या विषयाचं बी इथे आहे. आणि मला छळणारं ते एक अधिक एक बरोबर एक? ते बूल यांचं नाहीच. अधिक या चिन्हाला ‘हे किंवा ते किंवा दोन्ही’ असा अर्थ 1864 मध्ये विल्यम जेव्हन्स यांनी दिला. तो अर्थ कळला की कोडं सुटतं. दोन बटणं समांतर जोडा. एक दाबा, दिवा लागतो. दोन्ही दाबा, तरी लागतो. दुप्पट लागत नाही.

विजेशी या बीजगणिताची गाठ घालून दिली ती क्लॉड शॅनन यांनी. ते अमेरिकेतल्या एमआयटीत शिकत होते. तिथल्या एका मोठ्या गणनयंत्राचा कारभार रिले, म्हणजे विजेनंच दाबली-सोडली जाणारी बटणं, सांभाळत, आणि त्या रिलेंशी शॅनन यांचा रोजचा संबंध होता. बूल यांचं तर्कशास्त्र ते आधी शिकले होते. 1937 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधात दाखवून दिलं, की रिलेचं सर्किट म्हणजे बूल यांचं समीकरणच. जपानमध्ये अकिरा नाकाशिमा आणि रशियात व्हिक्टर शेस्ताकोव्ह त्याच दशकात त्याच वाटेनं चालले होते, हेही सांगायला हवं.

इथे भाषेची एक अडचण सांगतो. आपण ‘बटण बंद’ म्हणतो तेव्हा वीज थांबलेली असते. पुस्तकात ‘सर्किट बंद’ म्हणजे वर्तुळ पुरं झालं, वीज वाहतेय. मराठीतून विचार करणारं मूल इथे हमखास अडखळतं. त्यात शॅनन यांनी स्वतः वीज वाहण्याला शून्य म्हटलं होतं, आज आपण एक म्हणतो. मी वर्गात ‘दाबलेलं’ आणि ‘सोडलेलं’ हे दोनच शब्द वापरतो.

आता एक फळी डोळ्यांपुढे आणा. तिच्यावर एक सेल, एक छोटा दिवा, आणि अ, ब, क अशी बटणं. आधी अ आणि ब समांतर. त्यांच्या पुढे एकसर जोडलेली दुसरी जोडी, अ आणि क समांतर. अ दोन ठिकाणी आलं, म्हणजे काँटॅक्ट चार झाले. बीजगणित सांगतं, की हे सगळं मिळून ‘अ, किंवा ब आणि क दोन्ही’ इतकंच आहे. समांतरला अधिक आणि एकसरला गुणिले म्हटलं, तर नेहमीच्या बीजगणितात हे समीकरण चुकीचं ठरेल. म्हणून मुलांचा विश्वास बसत नाही. मग एखादी मुलगी पुढे येते, पक्कडीनं एक वायर तोडते, अ चा दुसरा काँटॅक्ट काढून टाकते, ब आणि क एकापुढे एक जोडते. आठही प्रकारे बटणं दाबून पाहते. दिवा पूर्वीसारखाच वागतो. एक काँटॅक्ट वाचला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असे हजारो काँटॅक्ट असत. तिथे या एका ओळीची किंमत काय असेल, हे मग सांगावं लागत नाही.

आता पुन्हा जिन्यात येऊ. शॅनन यांच्या प्रबंधात दोन संख्यांची बेरीज करणारं रिलेचं सर्किटही आहे, शून्य आणि एक या दोनच अंकांतलं. शून्य अधिक शून्य, शून्य. शून्य अधिक एक, एक. एक अधिक एक, दोन, म्हणजे शून्य लिहायचं आणि हातचा एक. खाली लिहायचा अंक पाहा. दोन्ही सारखे असले की शून्य, वेगळे असले की एक. हा तर जिन्यातला दिवा! आणि हातचा? तो दोन्ही एक असतील तेव्हाच येतो. त्यासाठी आणखी एक दिवा आणि एकापुढे एक जोडलेली दोन बटणं पुरतात.