चंद्रकला, तिथी आणि मानवी आरोग्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



जैन कुटुंबाच्या दिनक्रमात तिथीला आगळे स्थान आहे. अष्टमी-चतुर्दशी आली की कुणी उपवास धरतो, कुणी एकाशन करतो, कुणी हिरव्या भाजीचा त्याग करतो. या आचरणाचे कारण विचारले की अलीकडे एक उत्तर हमखास ऐकू येते. चंद्रामुळे समुद्राला भरती येते, मानवी शरीरातही सुमारे ६० टक्के पाणी असते, म्हणून त्या दिवशी शरीरातले पाणी वाढते, असे ते उत्तर. याच समजुतीच्या आधारे पुढे अमावास्येला शस्त्रक्रिया टाळली जाते, रुग्णालयात दाखल होणे लांबवले जाते. विषय केवळ कुतूहलाचा राहत नाही. तो जीविताचा होतो. म्हणून त्याचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

प्रथम भरतीचे शास्त्र पाहू. चंद्राची ओढ अंतराप्रमाणे बदलते. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किलोमीटर आहे. त्यामुळे चंद्राकडील बाजू आणि पलीकडील बाजू यांवरील ओढीत लक्षणीय फरक पडतो. भरती-ओहोटीचे मूळ या फरकात आहे. केवळ पाणी असण्यात नाही. मनुष्याची उंची दोन मीटरही भरत नाही. मस्तक आणि पाय यांवरील ओढीतला फरक इतका सूक्ष्म असतो की तो नसल्यातच जमा. विहिरीच्या वा गावतळ्याच्या पाण्यालाही डोळ्यांना दिसेल अशी भरती येत नाही, मग देहातील रक्ताला ती कोठून येणार?

कोकण किनाऱ्यावरील कोळी बांधवांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. भरती रोज दोनदा येते. अमावास्या आणि पौर्णिमा या दोन्ही वेळी सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेत आल्याने उधाण येते; अष्टमीच्या सुमारास मात्र भरती सर्वांत मंद, म्हणजे भांगाची असते. पर्वतिथींचे कारण भरती असते, तर अष्टमीला त्यागाची गरज सर्वांत कमी ठरली असती. भरतीचा युक्तिवाद पर्वतिथींच्या रचनेशीच जुळत नाही.

आता वैद्यकाचा अनुभव. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९९७ ते २००१ या काळातील ५,६४,०३९ जन्मांची नोंद तपासण्यात आली. ६२ चांद्रमासांच्या या नोंदीत बाळंतपणांची संख्या वा त्यांतील गुंतागुंत चंद्रकलेनुसार बदललेली आढळली नाही. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातील जर्मनभाषक प्रदेशात वाढत्या चंद्राच्या काळात शस्त्रक्रिया करू नये अशी लोकसमजूत आहे. तेथील व्हिएन्ना शहरात स्तनाच्या कर्करोगाच्या ३,७५७ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया कोणत्या चंद्रकलेत झाली यावर त्यांचे आयुर्मान अवलंबून नव्हते. जर्मनीत २०११ मध्ये २७,९१४ शस्त्रक्रियांचा आढावा घेतला गेला. रक्तस्रावाचा चंद्राशी संबंध दिसला नाही. तेथे वाढता चंद्र वर्ज्य, येथे अमावास्या वर्ज्य. लोकसमजुती परस्परांशीही जुळत नाहीत, हे लक्षात घ्यावे.

क्वचित एखादा छोटा अभ्यास वेगळे सांगतो. महाधमनीच्या विकारावरील शस्त्रक्रिया झालेल्या अवघ्या २१० रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासात पौर्णिमेच्या बाजूने कल दिसला होता. परंतु अल्पसंख्येत योगायोगही नियमासारखा भासतो.

झोपेचा प्रश्न मात्र अद्याप खुला आहे. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधील ३३ व्यक्तींच्या अभ्यासात पौर्णिमेच्या सुमारास झोप सरासरी २० मिनिटे कमी आढळली. पुढच्याच वर्षी याहून कितीतरी मोठ्या गटात तसे काही दिसले नाही. २०२१ मध्ये अर्जेंटिनातील तोबा आदिवासींच्या अभ्यासात पौर्णिमेपूर्वीच्या रात्री लोक उशिरा झोपतात असे आढळले. सायंकाळी मिळणारे चांदणे हे त्याचे एक संभाव्य कारण मानले गेले. अनेकान्ताची शिकवण लाभलेल्या समाजाने एवढा अंश खुल्या मनाने नोंदवावा. पण त्यावरून शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये.

मग समजूत टिकते कशी? पौर्णिमेच्या रात्री रुग्ण अत्यवस्थ झाला तर चंद्र आठवतो. सप्तमीला झाला तर तिथी कोणी पाहत नाही. स्मरणशक्ती सोयीच्या घटना जपते, बाकीच्या सोडून देते.

तिथीचा आरोग्यावर परिणाम होतो तो माणसाच्या निर्णयातून. एक तिथी सुमारे २० ते २६ तास चालते. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाल्यास ती विरघळवणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते. तिथी सरण्याची वाट पाहणाऱ्या घरात ही वेळ केव्हाच निघून गेलेली असते. हृदयविकार, फुटू पाहणारे आंत्रपुच्छ, अडलेले बाळंतपण यांनाही पंचांग कळत नाही. तसेच पर्वतिथीला उपवास करणाऱ्या मधुमेही व्यक्तीने इन्सुलिन वा गोळ्यांचे प्रमाण आधी डॉक्टरांना विचारून ठरवावे. साखर अकस्मात उतरण्याचा धोका खरा आहे.

अमावास्येच्या भयाला तर जैन परंपरेत आधारच नाही. भगवान महावीरांचे निर्वाण अमावास्येचे. त्याच तिथीला दिवाळीचे दीप उजळतात. जी तिथी निर्वाणकल्याणक म्हणून वंदनीय, ती रुग्णाच्या उपचारासाठी अशुभ कशी ठरेल?

पर्वतिथींचे प्रयोजन संयम, स्वाध्याय आणि जीवदया हे आहे. ते स्वतःच्या बळावर उभे आहे. त्याला भरती-ओहोटीच्या कुबड्यांची आवश्यकता नाही. तत्त्वार्थसूत्राने हिंसेचा संबंध प्रमादाशी जोडला आहे. वेदनेने तळमळणाऱ्या आप्ताला केवळ तिथीसाठी थांबवून ठेवणे हाही प्रमादच होय. व्रत अवश्य पाळावे, तिथी अवश्य पाहावी; परंतु रुग्ण दारात असताना प्रथम रुग्णवाहिका बोलवावी. जीवरक्षणासाठी प्रत्येक तिथी शुभच आहे.

जय जिनेंद्र!